ग्वाटेमालाचे आदिवासी आणि अमेरिकेचा तराजू
(मेळाव्यातलं भाषण)



आज आम्ही एका लांबच्या देशाची गोष्ट सांगतो. देशाचं नाव ग्वाटेमाला. तिथं माया आदिवासी राहतात. डोंगरात राहायचं, मका पिकवायचा. चांगली जमीन मात्र बड्या मळेवाल्यांकडं आणि युनायटेड फ्रूट या अमेरिकन केळीच्या कंपनीकडं.

१९५२ साली तिथल्या निवडून आलेल्या सरकारनं कायदा केला. मळेवाल्यांची पडीक जमीन भूमिहीनांना वाटली. कंपनीचीही पडीक गेली. अमेरिकेचं सरकार म्हणालं, हे तर कम्युनिस्ट! १९५४ ला त्यांच्या गुप्तहेर खात्यानं बंड घडवून ते सरकार पाडलं. वाटलेली जमीन परत काढून घेतली.

पुढं लष्कराचं राज्य आलं. लोक उठले तर गावंच्या गावं जाळली. अमेरिकेला हे ठाऊक नव्हतं का? होतं. १९७७ ला कार्टर सरकारनं मानवी हक्कांचा सवाल काढला, तेव्हा तिथल्या लष्करानं अमेरिकेची मदतच नाकारली. मग रेगन आले आणि काटा फिरला. १९८२ साली डोंगरात कत्तली चालू होत्या. त्याच डिसेंबरात रेगन हुकूमशहा रिओस माँटला भेटले, त्याचीच बाजू घेतली. पुढच्या महिन्यात लष्करी सामान विकायची बंदी उठवली.

बघा, मुडदे तेच, तराजू बदलला. परदेशातला अन्याय मोजताना सरकार आधी आपला फायदा बघतं. कोण आपल्या बाजूचा, कोण विरोधातला, ते बघतं. माणूस मागून येतो.

१९९९ च्या फेब्रुवारीत तिथल्या सत्यशोधन आयोगाचा अहवाल आला. दोन लाखांवर माणसं मेली किंवा गायब झाली. ओळख पटलेल्यांत शंभरात ८३ माया. मार्चमध्ये क्लिंटननं तिथं जाऊन कबूल केलं, त्या लष्कराला साथ दिली ती चूक झाली. बंडाला तेव्हा ४५ वर्षं होत आली होती.

ही कबुली दयेनं आली नाही. हजारो लोकांनी भीती सोडून साक्ष दिली. कोण मेलं, कुठं, कधी, कुणी मारलं, ते सांगितलं.

म्हणून आम्ही म्हणतो, प्लॉटच्या दंडाची पावती फेकू नका. झोपडी मोडली, पीक तुडवलं, तर तारीख आणि साक्षीदार त्याच दिवशी लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर पोराकडून लिहून घ्या. सरकार कुठलंही असो, तराजू त्याच्या हातात. वजन मात्र आपणच टाकायचं आहे.

जिंदाबाद!