शून्यावर बाद झालेल्याचं नाव

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहितो. मराठी घेऊन बी.ए. झालो, त्यामुळे आकडेमोडीशी माझा संबंध किराण्याच्या यादीपुरता. पण करोनाच्या दोन वर्षांनी माझ्यासारख्यालाही आकड्यांची भाषा शिकवली. बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि आकडा ९४ च्या वर दिसला की हायसं वाटायचं, हे घरोघरी झालं. आमच्या मराठवाड्यात तर छातीचा सीटी स्कॅन करून आलेल्या माणसाला लोक ‘तब्येत कशी आहे?’ असं विचारत नसत, ‘स्कोअर किती आला?’ असं विचारत. २५ पैकी ८ म्हणजे बरं. २५ पैकी १८ म्हटलं की विचारणाराही गप्प होई. क्रिकेटमुळे तोंडात बसलेला हा शब्द एक दिवस आजारपणात असा कामाला येईल, असं कुणाला वाटलं होतं?

आज मला बोलायचं आहे ते या स्कोअरबद्दलच.

२ मे २०२१ ची गोष्ट घ्या. रविवार होता, रमजान चालू होता. आठ टप्प्यांत झालेल्या पश्चिम बंगालच्या निवडणुकीची मतमोजणी त्या दिवशी होती. तृणमूल काँग्रेसला २१३ जागा मिळाल्या. त्याच दिवशी दिल्लीत आयपीएलच्या सामन्यात जोस बटलरनं १२४ धावा काढल्या. आणि देशात रोजच्या नव्या रुग्णांची संख्या चार लाखांच्या घरात गेली होती. चॅनेल बदललं की आकडा बदलत होता, बघणारे आपण तेच होतो. ज्या दिल्लीत चौकार-षटकार चालले होते, त्याच दिल्लीत इस्पितळं ऑक्सिजनसाठी हाका मारत होती. दोन दिवसांनी, ४ मे रोजी, खुद्द खेळाडूंनाच लागण झाली म्हणून स्पर्धा थांबवावी लागली. तोवर मैदानात प्रेक्षक नव्हते, प्रचाराच्या सभांना मात्र ते भरपूर मिळाले होते.

आता मी काही क्रिकेटवर रागावलेला माणूस नाही. उलट क्रिकेटकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. धावफलक नीट पाहा. शून्यावर बाद झालेल्याचंही तिथं नाव असतं. कुणी टाकलेल्या चेंडूवर गेला, झेल कुणी घेतला, सगळं लिहिलेलं असतं. निवडणुकीचंही तसंच. मतदारयादीत माणसाचं नाव असतं, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, वय असतं. गीरच्या जंगलात एका मतदारासाठी आपलं सरकार मतदान केंद्र उभारत आलं आहे. म्हणजे मनात आणलं तर हा देश एकापर्यंत मोजू शकतो आणि त्या एकाचं नावही लक्षात ठेवू शकतो. साथीत मात्र आपण नुसती बेरीज ऐकली.

८ मे २०२० ची पहाट आठवा. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर रेल्वेच्या रुळांवरून भुसावळकडे चालत निघाले होते. घर मध्य प्रदेशात. दमून करमाडजवळ रुळांवरच झोपले आणि मालगाडीखाली १६ जण गेले. रुळांवर पडलेल्या त्यांच्या भाकऱ्या सगळ्या देशानं पाहिल्या. भाकरी लक्षात राहिली, १६ हा आकडाही राहिला. पण त्यांतलं एक तरी नाव तुम्हा-आम्हाला सांगता येईल?

आकड्याला धर्म चिकटवता येतो, हेही त्याच काळात कळलं. एप्रिल २०२० मध्ये रोजच्या रुग्णसंख्येत तबलिगी जमातीशी संबंधित रुग्णांचा हिशेब वेगळा सांगितला जात होता. परिणाम असा, की आमच्या गल्लीतला भाजीवाला दुसऱ्या पेठेत हातगाडी घेऊन गेला की आधी त्याचं नाव विचारलं जाई, मग वांग्याचा भाव. नाव विचारण्याची तीही एक रीत होती! २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनवलं गेल्याची शक्यता बोलून दाखवली. निकाल आला तेव्हा भाजीवाल्याचा हंगाम निघून गेला होता.

पण पुढच्याच उन्हाळ्यात मी दुसरी रीतही पाहिली. आमच्या मोहल्ल्यातली चार-पाच पोरं पीपीई किट घालून स्मशानात सरण रचायला जात. रोजे असायचे. नातेवाईक लांब फाटकाशी उभे राहत आणि तिथूनच मयताचं नाव ओरडून सांगत. पोरं ते नाव एकदा मोठ्यानं म्हणत आणि मग अग्नी देत. असं करा म्हणून त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

श्रोतेहो, १९१८ च्या तापाच्या साथीत हिंदुस्थानात किती माणसं गेली, याचा अंदाज १९२१ च्या जनगणनेवरून आला. १९११ ते १९२१ या एकाच दशकात आपली लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. आपल्या साथीनंतर तसं पडताळून पाहायची सोय राहिली नाही. १८८१ पासून दर दहा वर्षांनी होणारी जनगणना २०२१ मध्ये झाली नाही. सरकारी नोंदीत देशातले करोनामृत्यू ५ लाख ३३ हजारांच्या आसपास आहेत. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत त्या काळात एरवी झाले असते त्याहून सुमारे ४७ लाख जास्त मृत्यू झाले, असा अंदाज जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२२ मध्ये मांडला. सरकारनं तो नाकारला. यावर भांडायला विद्वान आहेत, मी नाही. मी फक्त अर्जांकडे बोट दाखवतो. मृतांच्या वारसांना ५० हजार रुपये द्यायचे ठरल्यावर गुजरातेत नोंदलेले मृत्यू १० हजारांच्या आसपास होते आणि अर्ज आले ८९ हजारांवर. अर्जावर बेरीज नसते, नाव असतं. नावं पुढे आली तेव्हा बेरीज अपुरी पडली.

आमच्या कब्रस्तानात एक जुनी वही आहे. मयताचं नाव, वडिलांचं नाव, तारीख, कबरीची जागा. जनाजाला २० पेक्षा जास्त माणसं नकोत असा नियम होता, त्या दिवसांतही ती लिहिली गेली. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांची पानं बाकीच्या पानांपेक्षा दाट आहेत. त्यात माझ्या लहानपणीचा सवंगडी आहे, आमच्या शाळेचा शिपाई आहे, लेकीच्या बाळंतपणाला आलेली एक आई आहे. मी ती पानं वाचली, तेव्हा कुठं मला त्या चार लाखांचा अर्थ थोडाफार लागला.

तुमच्या गावात अशी वही नसेल तर सुरू करा. वाचनालयात ठेवा, शाळेत ठेवा, देवळात ठेवा. त्या दोन वर्षांत गेलेल्यांची नावं आज घरोघरी माहीत आहेत, आणखी वीस वर्षांनी सांगणारं कुणी नसेल. करोनानं गेला की आणखी कशानं, तो रकाना रिकामा राहिला तरी चालेल. नावाचा रकाना मात्र भरा.