पहाडातला चैत्र

(मंडळाच्या गुढीपाडवा स्नेहसंमेलनात झालेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी शब्दांकित करून दिले आहे.)





चैत्र म्हटला की आपल्याला आठवते ती पालवी, कैरीची डाळ, पन्हे आणि चैत्रगौरीचे हळदीकुंकू. आपण चंदीगडकर मराठी मंडळींना या दिवसांत आणखी एक गोष्ट ठरलेली असते. पुण्या-मुंबईहून, नागपूरहून नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "मुलांच्या परीक्षा संपताहेत, त्यांना बर्फ दाखवायचाय. कधी येऊ?" आणि बहुतेक घरांतून उत्तर जाते, "या की एप्रिलमध्ये, तोवर थंडी संपलेली असते." या उत्तरात थोडी भर घालावी, एवढ्याचसाठी मी आज उभा आहे. थंडी संपते हे खरे. पण पहाडातला धोका थंडीबरोबर संपत नाही. हिमस्खलनाच्या दृष्टीने फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा मोठा नाजूक काळ असतो.

काही घटना पाहा. मार्च १९७९ मध्ये लाहौलच्या खोऱ्यात हिमस्खलनांनी दोनशेहून अधिक माणसे गेली. २३ एप्रिल २०२१ रोजी उत्तराखंडात नीती खोऱ्यातल्या सुमना येथे रस्त्याचे काम करणाऱ्या मजुरांच्या तळावर हिमकडा कोसळला. लष्कराने ३८० हून अधिक लोकांना सुखरूप काढले, तरी डझनाहून जास्त मजूर दगावले. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोकहून नथुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भरदुपारी सात पर्यटक गेले. आणि २८ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे बद्रीनाथजवळ माणा येथे ५४ मजूर बर्फाखाली सापडले. ४६ वाचले, आठ गेले. यात एप्रिलच्या दोन तारखा आहेत, हे ध्यानात घ्या.

असे का होते? आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये अचानक आभाळ भरून येते, वारे सुटते, गारा पडतात आणि पंजाबातला कापणीला आलेला गहू आडवा होतो. वेधशाळा त्याला 'पश्चिमी विक्षोभ' म्हणते. भूमध्य समुद्राकडून निघणारी ही वादळे इराण-अफगाणिस्तानावरून आपल्याकडे येतात. अरबी समुद्राची वाफ मिळाली तर अधिकच जोर धरतात. जे आपल्या अंगणात पाऊस होऊन पडते, तेच रोहतांगवर बर्फ होऊन पडते. सुखना तलावावर मार्चमध्ये दोन दिवस झड लागली की समजावे, वर कित्येक फूट नवा बर्फ साचला.

आता हा बर्फ बसतो कशावर? आधीच साचलेल्या हिवाळ्याच्या बर्फावर. चिरोट्याचे पापुद्रे आठवा. पहाडावरचा बर्फही असाच थरांचा असतो. प्रत्येक वादळाचा एक थर, काही कडक, काही ठिसूळ. मधला एखादा थर कच्चा निघाला आणि वर एकाएकी वजन आले, की वरचा सगळा भाग घसरतो. साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हे जास्त घडते. फार सपाट जागी बर्फ हलत नाही आणि फार उभ्या कड्यावर तो साचतच नाही.

त्यात भर पडते वसंतातल्या उन्हाची. रात्री बर्फ गोठून घट्ट होतो. सकाळी नऊ-दहानंतर ऊन चढले की वितळलेले पाणी आत झिरपते आणि थरांची पकड सुटते. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो. ओला बर्फ चारशे किलो आणि त्याहूनही जड होतो. तो ओल्या सिमेंटसारखा येतो आणि थांबला की तसाच आवळून बसतो. म्हणजे निळे आभाळ, लख्ख ऊन, फोटोला सुरेख असा जो दिवस आपल्याला सुरक्षित वाटतो, त्याच दिवशी दुपारी उतार सुटण्याची भीती जास्त. तापमान वाढते आहे तसा हा ओल्या बर्फाचा धोकाही वाढतो आहे. हिमाचलातल्या झाडांच्या वर्षवलयांवरून झालेला २०१८ चा एक अभ्यास हेच सांगतो.

मित्रहो, पहाडातल्या माणसांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. माणा आणि नीती खोऱ्यांतली कुटुंबे हिवाळ्यात खाली उतरतात आणि वैशाखाच्या सुमारास परत वर जातात. बद्रीनाथाचे दार उघडण्याचा मुहूर्त वसंत पंचमीला जाहीर होतो, पण दार उघडते एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात. मधले दोन-तीन महिने डोंगराचे. आपल्याला मात्र आता थांबायची सवय राहिलेली नाही. ३ ऑक्टोबर २०२० रोजी नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि लाहौलची मोठीच सोय झाली. आजाऱ्याला आता खिंड उघडण्याची वाट पाहावी लागत नाही. पण बोगद्याने खिंड टळली, पलीकडच्या रस्त्यावरचे उतार टळले नाहीत.

आणि आपल्यासाठी रस्ता मोकळा करतो कोण? सुमना आणि माणा या दोन्ही ठिकाणी गेलेली माणसे सीमा सडक संघटनेच्या कामावरची होती. झारखंड, बिहार, उत्तर प्रदेशातून, खुद्द पहाडातूनही आलेले मजूर. मे महिन्यात आपण ज्या बर्फाच्या भिंतींमधून गाडी नेतो, त्या भिंती त्यांनी मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे याच धोक्याच्या दिवसांत कापलेल्या असतात. माणाला तर आदल्याच दिवशी चमोली जिल्ह्यासाठी हिमस्खलनाचा इशारा निघालेला होता. इशारा निघणे आणि त्यावरून तळ खाली हलवणे यांत जे अंतर राहते, त्याची किंमत हीच माणसे मोजतात. रस्ता दोन आठवडे उशिरा उघडला म्हणून आपण ओरड करू लागतो, तेव्हा ही घाई शेवटी कोणाच्या डोक्यावर येते, याचा विचार व्हायला हवा.

आपल्या हातात काय आहे? चार साध्या गोष्टी सांगतो.

एक, जोराचा बर्फ पडून गेल्यावर निदान दोन दिवस वर जाऊ नये. पाहुण्यांचा कार्यक्रम आखतानाच दोन दिवस मोकळे ठेवावेत. परतीचे तिकीट जवळ आले की माणूस नको ते धाडस करतो.

दोन, बर्फाळ उताराखालचा रस्ता सकाळी लवकर ओलांडावा आणि तिथे फोटोसाठी गाडी थांबवू नये. रस्त्याकडेला मळकट बर्फाचा ढीग आणि त्यात मोडलेल्या फांद्या दिसल्या, तर समजावे की इथे पूर्वी हिमस्खलन आले आहे आणि पुन्हा येऊ शकते. स्थानिक ड्रायव्हर "यहाँ ग्लेशियर आता है" म्हणतो तेव्हा तो हेच सांगत असतो. त्याच्याशी वाद घालू नये.

तीन, परवाना जिथपर्यंत असेल तिथपर्यंतच जावे. सिक्कीममध्ये परवाने तेराव्या मैलापर्यंतचे होते. अपघात पंधराव्या मैलावर झाला.

चार, निघण्यापूर्वी इशारा पाहावा. संरक्षण खात्याची हिमस्खलनाचे अंदाज देणारी संस्था आपल्याच चंदीगडमध्ये आहे. पूर्वी तिला 'सासे' म्हणत, २०२० पासून ती 'डीजीआरई' झाली. तिचे इशारे जिल्हा प्रशासन आणि वर्तमानपत्रांतून मिळतात.

आणि कोणी गाडले गेलेच, तर शेवटचे दिसले ती जागा लक्षात ठेवून सोबत्यांनी लगेच शोधायला लागावे. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेली बहुतेक माणसे वाचतात. अर्ध्या तासानंतर आशा फार कमी उरते. मदत पथक येईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्यात अर्थ नाही.

आपण मराठी माणसे मुहूर्त पाहणारी. लग्नाचा पाहतो, वास्तूचा पाहतो, गणपतीच्या प्रतिष्ठापनेचा पाहतो. पहाडाचाही एक मुहूर्त असतो. तो पंचांगात सापडत नाही. आभाळ, ऊन आणि उतार पाहून काढावा लागतो. या वर्षी पाहुण्यांचा फोन आला, तर "या" जरूर म्हणा, आणि पुढे एवढेच जोडा, "पण दोन दिवस हातचे ठेवून या."

 

गणपती बाप्पा मोरया!