घड्याळाबरहुकूम चालणारी टाकी
(इनामगाव येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



इनामगावात पाण्याविषयी बोलावयाचे तर आरंभ घोड नदीपासूनच करावा लागतो. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वसाहत उजेडात आली. तिच्या जोर्वे काळातील थरांत पुराचे पाणी वळविण्यासाठी काढलेला पाट आणि त्यालगतचा बांध सापडला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्याला आपला अंदाज प्रत्यक्ष नदीवरच पडताळावा लागे. तो चुकला की पीक जाई.

पुढे नदीची लहान प्रतिकृती करून तिच्यावर प्रयोग होऊ लागले. १९१६ मध्ये स्थापन झालेली, खडकवासल्याची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था या कामासाठी प्रसिद्ध आहे. अशा प्रतिकृतीत एक गंमत असते. लांबी, रुंदी व उंची शंभरपट लहान केली की काळ दहापट वेगाने धावतो. दहा तासांचा पूर तेथे एका तासात ओसरतो.

संगणकातील प्रतिरूपाला माती लागत नाही, पाणी लागत नाही. केवळ हिशेब लागतो. आपल्या गावची टाकी पन्नास हजार लिटरची आहे असे समजू. पंप सेकंदाला दहा लिटर पाणी चढवितो आणि नळांवाटे चार लिटर जाते. म्हणजे दर सेकंदाला सहा लिटरची भर. रिकामी टाकी सुमारे दोन तास वीस मिनिटांत भरेल. मी कलाशाखेचा पदवीधर. पण एवढे गणित मलाही जमते.

हा हिशेब संगणक क्षणार्धात उरकतो. मग त्याला दोन तास थांबवावयाचे कशासाठी? कारण त्याला पंप चालू-बंद करणारा खरा नियंत्रक जोडावयाचा आहे. नियंत्रकाला आपण खऱ्या टाकीसमोर आहोत असे वाटले पाहिजे. म्हणून हिशेब घड्याळाबरहुकूम, दर सेकंदाला एकदा, ना आधी ना उशिरा, झाला पाहिजे. यालाच रिअल टाइम सिम्युलेशन म्हणतात. येथे वेगापेक्षा वक्तशीरपणाला मोल आहे.

साध्या संगणकाची अडचण नेमकी येथेच येते. तो एका वेळी अनेकांची चाकरी करतो. मध्येच स्वतःची डागडुजीही काढून बसतो. यासाठी इतर कामे बंद करावीत आणि टाकीच्या हिशेबाला अग्रक्रम द्यावा. टाकीसारख्या संथ कामाला एवढे पुरते. विजेच्या मोटारीच्या प्रवाहासारखी, मिलिसेकंदात बदलणारी गोष्ट असेल तर मात्र खास सोय हवी. लिनक्स प्रणालीच्या मूळ गाभ्यात ती २०२४ मध्ये समाविष्ट झाली. विलंब मोजताना सरासरीवर विसंबू नये, सर्वांत मोठा विलंब पाहावा. एस.टी. महिनाभर वेळेवर आली आणि परीक्षेच्या दिवशी चुकली, तर सरासरी काय कामाची?

आज्ञावलीसाठी पैसे मोजावे लागत नाहीत. सायलॅब विनामूल्य आहे. तिच्या एक्सकॉस या भागात काळाचे प्रमाण एक ठेवले की प्रतिरूपाचा सेकंद घड्याळाच्या सेकंदाशी जुळतो. मुंबईच्या आय.आय.टी.ने सायलॅबच्या साहाय्याने एक छोटे तापयंत्र विद्यार्थ्यांना दुरून चालविण्यासाठी उपलब्ध करून दिले होते: पोलादी पाते, तापणारी तार, पंखा आणि तापमापक. बाहेरच्या उपकरणाशी संकेतांची देवघेव करण्यास आर्डुइनोसारखी लहान पाटी चालते. मात्र पंपाच्या विजेच्या तारा तिला कदापि जोडू नयेत. नियंत्रकाच्या संकेताच्या तारा तेवढ्या जोडाव्यात.

एवढा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. एका गावी, नाव सांगत नाही, नवा स्वयंचलित नियंत्रक थेट टाकीवर बसविला. पाण्याची पातळी कळविणारी तार रात्री सुटली. तार सुटली म्हणजे टाकी रिकामी, असा नियंत्रकाने अर्थ लावला आणि पहाटेपर्यंत पंप चालू राहिला. खाली चिखल झाला. वरच्या आळीला दुसऱ्या दिवशी पाणी मिळाले नाही. उन्हाळ्याचे दिवस होते. तारा सुटणारच, वीज जाणारच. या गोष्टी प्रतिरूपावर मुद्दाम घडवून पाहता येतात आणि तेथे थेंबही वाया जात नाही.

भाषणाच्या आरंभी या मेजावरील संगणकात रिकामी टाकी सुरू केली होती. वीस मिनिटे झाली. आकडा सात हजार दोनशे लिटर दाखवीत आहे. शेजारी नियंत्रक आहे. आता गुरुजींनी पुढे येऊन पातळीची तार काढावी. पंप थांबतो की चालू राहतो, ते आपण सारेच पाहू.