गेटवरचा फलक आणि आतले कपाट
(भिलाई येथील कार्यकर्ता शिबिरातील भाषण)

संघटनेचे संकेतस्थळ आम्ही सांभाळतो. ते चालते कसे, हे सोप्या भाषेत सांगा, अशी सूचना आली म्हणून आम्ही आपल्यासमोर उभे आहोत.

९ ऑक्टोबर २०१८ रोजी आपल्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या वायुवाहिनीपाशी भीषण आग लागली आणि आपले साथी प्राणास मुकले. अशा वेळी सेक्टर ९ च्या इस्पितळाबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांना खरी माहिती त्याच घटकेला हवी असते. हजारो लोक एकदम संकेतस्थळ उघडू लागतात आणि नेमके तेव्हाच ते बंद पडण्याची भीती असते. असे का व्हावे?

कारण साध्या परिपत्रकासाठीही आतल्या प्रोग्रॅमला कामाला लावले जाते. तो माहिती धुंडाळतो, पान रचतो, मग देतो. वास्तविक परिपत्रक सर्वांना सारखेच. नोटीस वाचायला आलेल्या प्रत्येकाला बोरिया गेटमधून थेट भट्टीपर्यंत न्यावे, तसला हा प्रकार!

यावर उपाय रिव्हर्स प्रॉक्सीचा. साधा प्रॉक्सी वाचकाच्या वतीने बाहेर जातो. हा सर्व्हरच्या वतीने गेटवर उभा राहतो. परिपत्रके, छायाचित्रे अशा तयार फाइली तो स्वतःच देतो. लॉगिन, वर्गणीचा हिशेब, तक्रार अर्ज एवढेच आत पाठवतो. या कामासाठी प्रसिद्ध असलेले एनजिनक्स हे सॉफ्टवेअर रशियाच्या इगोर सिसोएव्ह यांनी २००२ मध्ये लिहायला घेतले आणि २००४ मध्ये सर्वांसाठी खुले केले. ते विनामूल्य मिळते. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली सोव्हिएत सहकार्याने सुरू झाली. तिकडचे आणखी एक अवजार आज आपल्या हाती आहे.

पण साथींनो, येथेच सावध राहिले पाहिजे. सार्वजनिक फोल्डरातली फाइल देताना हा पहारेकरी ‘तू कोण?’ असे विचारत नाही. ओळख तपासणारा प्रोग्रॅम आत बसलेला. फाइल मात्र गेटवरच मिळते. ठेकेदारी कामगारांची सदस्य-यादी आम्ही एकदा त्याच फोल्डरात ठेवली होती. कोठे दुवा दिला नाही, म्हणजे कोणाला सापडणार नाही, असे आम्ही मानले. ते चूक होते. एका सभासदाने दाखवून दिल्यावर ती आम्ही काढली. ती ठेकेदाराच्या हाती पडली असती, तर कोणाकोणाचा गेटपास थांबला असता, हे आपल्याला सांगायला नको.

म्हणून आम्ही तीन नियम केले. एक, जे फलकावर उघड लावता येईल, तेच सार्वजनिक फोल्डरात. दोन, नावांच्या याद्या त्या फोल्डराबाहेर. ओळख पटल्यावरच आतला प्रोग्रॅम त्या दाखवील. तीन, कोणताही बदल केला की लॉगिन न करता बाहेरच्या मोबाइलवरून यादी मागून पाहायची. मिळाली, तर काम अपुरे आहे.

फलक सर्वांसाठी असतो, कपाट नसते. हा फरक पाळणे हे केवळ संगणकवाल्यांचे काम नव्हे. सभासदाने विश्वासाने दिलेले नाव जपणे ही आपल्या सर्वांचीच जबाबदारी आहे.