जमेची बाजू



मी बँकेत कारकून आहे. जमा आणि नावे अशा दोन्ही बाजू लिहिण्यात माझा दिवस जातो. घरी मात्र मी एकच बाजू सांगत असे. साहेब काय बोलले, लोकल किती रखडली, बढती कोणाला मिळाली! एके रात्री माझी मुलगी ताट घेऊन आत गेली. ‘बाबा, तुमचे सांगून झाले की येते,’ एवढेच म्हणाली. मला झोप लागली नाही.

त्यानंतर मी एक वही केली. रोज झोपण्यापूर्वी तीन चांगल्या गोष्टी आणि त्या कशामुळे घडल्या, हे लिहायचे. कल्पना माझी नव्हे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सेलिगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली हा प्रयोग प्रसिद्ध केला. आठवडाभर असे लिहिणाऱ्यांची उदासी कमी झाली आणि तो फरक सहा महिन्यांपर्यंत दिसला. पुढील अभ्यासांत मात्र असा परिणाम बेताचाच आढळला. ज्याला खरोखर नैराश्य आले आहे, त्याने वहीवर न थांबता डॉक्टरांकडे जावे.

महामंगल सुत्तात कृतज्ञता हे मंगल म्हटले आहे, ते आपण नेहमी ऐकतो. पण कोणाविषयी, कशाबद्दल, हे मी कधी लिहून पाहिले नव्हते. सुरुवातीला ‘आरोग्य, कुटुंब, नोकरी’ असे लिहिले. तीन दिवसांत कंटाळलो. मग एकदा पेन्शन घ्यायला आलेल्या एका आजी अर्ध्या वाटेवरून परत आल्या. माझ्याकडून पाचशेची एक नोट जास्त गेली होती. ती त्यांनी दिली नसती, तर संध्याकाळी कॅश जुळली नसती आणि पैसे मला भरावे लागले असते. पूर्वी मी घरी फक्त कॅश कमी पडल्याचे सांगितले असते. त्या रात्री आजींबद्दल पानभर लिहिले.

कोणी विचारील, आहे त्यात समाधान माना, हे आपल्या लोकांना पिढ्यानपिढ्या ऐकवले गेले; ही वही तेच शिकवते काय? रास्त प्रश्न आहे. बढतीत अन्याय झाला असे मला वाटले, तेव्हा मी रीतसर अर्ज दिला. त्यावरचे उत्तर अजून यायचे आहे. पण तो अर्ज मी शिवीगाळ न करता, मुद्देसूद लिहिला, हे वहीमुळे जमले असे मला वाटते.

अजूनही कधी दोन-तीन दिवस पान कोरे राहते. मग जेवताना मुलगीच विचारते, ‘बाबा, आज जमेला काय?’