युकॉनकाठचे अथाबास्कन : निर्वाह, कायदा आणि बदलते ऋतू

अलास्काचा अंतर्भाग आणि त्याला लागून असलेला वायव्य कॅनडा ही उत्तरेकडील अथाबास्कन लोकांची भूमी होय. ग्विचिन, कोयुकॉन, आह्टना अशा त्यांच्या अनेक शाखा आहेत. दूर दक्षिणेकडील नवाहो व अपाची यांच्या भाषाही याच कुळातल्या. या भूमीतून वाहणारी युकॉन नदी सुमारे ३,२०० किलोमीटरचा प्रवास करून बेरिंग समुद्राला मिळते. गंगेपेक्षाही लांब असलेल्या या नदीच्या काठी जीवनाचा आधार शेती नव्हे, तर शिकार आणि मासेमारी हाच राहिला आहे.

उन्हाळ्यात समुद्रातून सॅमन मासे अंडी घालण्यासाठी नदीत चढतात, तेव्हा कुटुंबेच्या कुटुंबे काठावरील तळांवर मुक्कामाला जातात. जाळ्यांनी, अथवा प्रवाहाच्या जोराने रहाटासारख्या फिरणाऱ्या चक्राने मासे धरले जातात. ते चिरून, सुकवून, धुरी देऊन हिवाळ्यासाठी साठविले जातात. शरद ऋतूत मूस या महाकाय हरिणाची शिकार होते. मिळालेले अन्न वृद्धांना, विधवांना आणि शेजाऱ्यांना वाटले जाते. शिकारीची फुशारकी मारू नये, प्राण्याची अवहेलना करू नये, अन्यथा तो पुन्हा स्वतःला माणसाच्या हाती देणार नाही, अशी कोयुकॉनांची श्रद्धा आहे. म्हणूनच ‘निर्वाह’ या शब्दात केवळ पोट भरणे येत नाही. नाती, शिक्षण आणि धर्म ही सारी त्यात सामावलेली आहेत.

कायद्याला हे उमजण्यास वेळ लागला. १९७१ च्या कायद्याने जमीन व पैसा यांच्या मोबदल्यात अलास्कातील मूळ रहिवाशांचे शिकारीचे व मासेमारीचे परंपरागत हक्क संपुष्टात आणले. १९७९ मध्ये मात्र राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अंत्यविधीच्या भोजनासाठी बंदीच्या काळात मारलेल्या मूसचे मांस ही धार्मिक गरज असल्याचे मान्य केले. १९८० च्या संघीय कायद्याने ग्रामीण रहिवाशांच्या निर्वाहाला अग्रक्रम दिला. परंतु १९८९ मध्ये त्याच राज्य न्यायालयाने ग्रामीण व शहरी असा भेद राज्यघटनेशी विसंगत ठरविला. तेव्हापासून एकाच नदीवर दोन शासनांचे दोन नियम लागू होऊ लागले. आह्टना समाजातील केटी जॉन या वृद्धेने आपल्या पूर्वजांच्या जागी मासे धरण्याच्या हक्कासाठी १९८५ पासून न्यायालयीन लढा दिला आणि तो जिंकला.

हक्क मिळाला, पण ऋतूच बदलू लागले. अलास्का जगाच्या सरासरीपेक्षा दुपटीहून अधिक वेगाने तापत आहे. टनाना नदीवरील नेनाना गावी १९१७ पासून बर्फ फुटण्याच्या वेळेची नोंद ठेवली जाते. २०१९ मध्ये तेथील बर्फ १४ एप्रिललाच, म्हणजे नोंदींतील सर्वांत लवकर फुटला. हिवाळ्यात गोठलेली नदी हाच गावांमधील रस्ता असतो. बर्फ पातळ राहिला की तो जीवघेणा ठरतो. शरद ऋतू उबदार राहिला, तर मूसची हालचाल लांबते आणि मारलेले मांसही लवकर नासते. शिकारीचा हंगाम मात्र दिनदर्शिकेतील तारखांना बांधलेला असतो.

सर्वांत मोठा आघात माशांवर झाला. २०१९ च्या कडक उन्हाळ्यात कोयुकुक नदीत चम जातीचे सॅमन अंडी घालण्यापूर्वीच मेलेले आढळले. २०२१ मध्ये युकॉनवर चिनूक व चम या दोन्ही जातींची निर्वाहासाठीची मासेमारीही बंद ठेवावी लागली. उष्ण समुद्र, तापलेले नदीचे पाणी आणि परजीवी रोग ही त्यामागील कारणे सांगितली जातात; समुद्रातील मोठ्या जहाजांच्या जाळ्यांत सॅमनही सापडतात, ही गावकऱ्यांची तक्रार आहेच. अखेर एप्रिल २०२४ मध्ये अलास्का आणि कॅनडा यांनी चिनूकची मासेमारी सात वर्षे, म्हणजे या माशाच्या एका पूर्ण जीवनचक्रापुरती, स्थगित करण्याचा करार केला.

माशांच्या दृष्टीने हा विराम आवश्यक असेल. परंतु सात वर्षांत एक बालक किशोर होते. मासा कसा चिरावा, धूर किती द्यावा, पहिला वाटा कोणाला पोचवावा, हे ज्ञान आजीच्या शेजारी उभे राहून हातांनीच शिकावे लागते. म्हणून नदीत किती मासे परतले, एवढेच मोजून भागणार नाही. मासे परततील तेव्हा त्यांचे स्वागत करणारे हात शिल्लक असतील काय, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. आणि नियम ठरविताना त्या हातांना स्थान देणे हेच त्याचे पहिले उत्तर होय.