भंडारदऱ्यात आपलं स्वागत

कुणी घोटीवरून, कुणी अकोले-राजूरवरून आलेल्या मित्रहो,

कर्कपेशींच्या कोलेस्ट्रॉलवरची परिषद मुंबई-पुणे सोडून इथे कशाला, असं अनेकांनी विचारलं. माझं उत्तर डॉ. कमल रणदिवे. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. खानोलकरांच्या हाताखाली 1949 साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. पुढे हीला नावाच्या मानवी कर्कपेशी जिथे वाढवल्या गेल्या त्या जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन शिकून त्या मुंबईला परतल्या आणि कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. उंदरांमधला स्तनाचा कर्करोग आणि संप्रेरकं यांचं नातं त्यांनी तपासलं. याच बाई 1989 साली आमच्या अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करत होत्या. तेव्हा तुम्ही परक्या गावी आलेला नाहीत.

आता विषयाकडे. बशीतल्या पेशींना वासराच्या रक्ताचं सीरम घालतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यातला एलडीएल, म्हणजे कोलेस्ट्रॉल वाहून नेणारा कण, काढून टाकला की काही तासांत पेशी स्वतःच कोलेस्ट्रॉल बनवायला लागते. परत घातला की हात आखडते. 1970च्या दशकात ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी हे पाहिलं, एलडीएलचा ग्राहक (रिसेप्टर) शोधला आणि 1985चं नोबेल मिळवलं. आतला साठा घटला की एसआरईबीपी नावाचं प्रथिन केंद्रकात जाऊन ग्राहक वाढवायला लावतं. साठा पुरेसा झाला की ते वाटेतच अडकून राहतं.

आमच्या विल्सन धरणातून पाटाला आवर्तन सुटतं तेही असंच, मागणी पाहून. कर्कपेशी मात्र रात्री पाटाचं दार उचकटणाऱ्यातली! निरोगी मेंदू आपलं कोलेस्ट्रॉल स्वतः तयार करतो, कारण रक्तातलं तिथे पोचत नाही. ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगाच्या पेशी शेजारच्या पेशींनी बनवलेल्या कोलेस्ट्रॉलवर जगतात. साठा पुरेसा झाला तरी त्यांचे ग्राहक कमी होत नाहीत. प्रोस्टेटचा बळावलेला कर्करोग कोलेस्ट्रॉल एस्टरच्या थेंबांत साठवून ठेवतो. आणि कोलेस्ट्रॉलपासून बनणारं 27-हायड्रॉक्सीकोलेस्ट्रॉल काही स्तनकर्करोगांत इस्ट्रोजेनसारखं वागतं, असं 2013 साली दाखवलं गेलं. संप्रेरकांवर आयुष्य घालवलेल्या रणदिवेबाईंना तो निबंध वाचायला मिळायला हवा होता.

मी खेड्यातला डॉक्टर. रक्ताच्या कर्करोगाचा पेशंट रिपोर्ट पुढे करतो, “डॉक्टर, कोलेस्ट्रॉल कमी झालंय, म्हणजे बरंच की!” त्याला कसं सांगायचं, की ते कमी होण्याचं एक कारण रोगट पेशीच ते ओढून घेतात, हेही असू शकतं? दुसरा मोबाइलवरचा संदेश दाखवतो, स्टॅटिनने कॅन्सर बरा होतो म्हणून. चाचण्यांमधून तसं सिद्ध झालेलं नाही. तिसऱ्याच्या घरच्यांनी त्याचं दूध-तूप तोडलेलं असतं, आणि आधीच वाळलेला माणूस आणखी वाळतो. रक्तातला आकडा आणि गाठीतला व्यवहार हे दोन वेगळे हिशेब आहेत, हे मला मराठीत, दोन मिनिटांत, बाहेर रांग असताना समजावून सांगायचं असतं. उद्याच्या शेवटच्या सत्रात अर्धा तास एवढ्यासाठी राखून ठेवावा, ही यजमान म्हणून माझी एकमेव मागणी.

बाकी, दुपारी इंद्रायणीचा भात आहे, त्यावर तूपही आहे. अभ्यासकांनी नाकं मुरडू नयेत. रंधा धबधब्यावर कठड्यापलीकडे कुणी जाऊ नका, दगड निसरडे आहेत. अध्यक्ष महोदयांना विनंती, त्यांनी दीपप्रज्वलन करावं.